वकिली सांभाळून महापालिकेत जायचं म्हणता?

प्रश्न असा आला आहे: वय बत्तीस, आठ वर्षं कोल्हापुरात दिवाणी वकिली, शिवाजी पेठेतल्या तालमीचं लहानपणापासूनचं वारं. मंडळाची पोरं म्हणतात, पुढच्या वेळी नगरसेवकाला उभे राहा. आजोबा म्हणायचे की पूर्वी बॅरिस्टर लोक शहराचा कारभार बघत. मग आता वकिलानं महापालिकेत जाण्यात अर्थ आहे का? वकिली टिकते का?

मी बत्तीस वर्षं वकिली केली आणि दोन वेळा सभागृहात बसलो. मध्ये पाच वर्षं बाहेर होतो, कारण प्रभाग महिलांसाठी राखीव झाला होता. त्या वेळी सगळ्यांनी सांगितलं, वहिनींना उभं करा, कारभार तुम्हीच बघा. बायकोनं स्पष्ट नकार दिला आणि माझी लाज वाचवली. तर उत्तर या अनुभवातून देतो.

आधी आजोबांच्या बॅरिस्टरांचं बघू. बॅरिस्टर म्हणजे लंडनच्या चार ‘इन’, म्हणजे वकिलांच्या जुन्या संस्था, त्यांपैकी एकीत नाव घालून, तिथली ठरलेली जेवणं जेवून, परीक्षा देऊन सनद आणलेला माणूस. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनंतर इथं सगळे एकाच रांगेत आले, त्यामुळे ही पदवी आता नावापुढेच उरली. शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाचं आहे, तिथं पोरं रोज जातात, पण बॅरिस्टर म्हणजे काय हे विचारलं तर दहातला एक सांगेल. शहरी कारभारातला सगळ्यात मोठा बॅरिस्टर म्हणजे फिरोजशहा मेहता. १८६८ साली बॅरिस्टर होऊन आले आणि पुढची जवळजवळ पंचेचाळीस वर्षं मुंबई महापालिकेत घातली. वल्लभभाई पटेल बॅरिस्टर होऊन अहमदाबादला आले, चांगली फौजदारी वकिली चालत होती, आणि १९१७ मध्ये तिथल्या नगरपालिकेत सदस्य म्हणून गेले. १९२४ ते १९२८ अध्यक्ष होते. चित्तरंजन दास १९२४ मध्ये कलकत्त्याचे पहिले महापौर झाले.

मेहतांची एक गोष्ट मी प्रत्येक ज्युनिअरला सांगतो. १९०७ मध्ये त्यांना पाडण्यासाठी सरकारी अधिकाऱ्यांनी आणि काही वृत्तपत्रांनी एकत्र येऊन फळी उभारली. जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे सरकारनं नेमलेल्या मानद दंडाधिकारी मंडळींच्या मतदानातून सोळा जागा भरायच्या होत्या. मेहता सतरावे आले. मुंबई महापालिका ज्यांनी घडवली, ते एका नंबरानं पडले. पुढं निवडून आलेल्यांपैकी एकाचा पालिकेच्या कंत्राटाशी संबंध निघाला, तो अपात्र ठरला आणि मेहता आत गेले. पालिकेचा कायदा तयार होत असताना त्यात ज्यांचा हात होता, त्यांनाच शेवटी अपात्रतेच्या कलमानं तारलं. ते कलम थोड्याफार फरकानं आजही आपल्या कायद्यात आहे आणि ते तुम्हालाही लागू होणार आहे.

मात्र त्यांच्यासारखं आता होत नाही, याचं कारण माणसं लहान झाली हे नाही. तेव्हा मतदार मूठभर, करदाते आणि पदवीधर. पालिकेचं काम म्हणजे दुपारची सभा, सभेतलं भाषण आणि समितीचे कागद. मेहतांच्या दारात सकाळी सहाला कुणी येऊन उभं राहत नव्हतं. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. एक्याऐंशी जागांनी भागलं तर एका नगरसेवकाच्या वाट्याला पावणेसात हजार माणसं येतात. चार सदस्यांच्या प्रभागात तर सत्तावीस हजारांसमोर जायचं. त्यातली बहुतेक तुम्हाला नावानं ओळखतात आणि तुमच्या घराची कडी वाजवायला त्यांना वेळ-काळ लागत नाही. "वकीलसाहेब, आमच्या बोळातलं गटार कवा करतायसा?" हा प्रश्न मला लग्नात, मयतीत आणि एकदा उलटतपासणीला उभा राहण्याआधी कोर्टाच्या व्हरांड्यात विचारला गेलाय.

आता वकिलीचं. ती टिकते, पण तिचा रंग बदलतो. सकाळ तुमची राहत नाही. पूर्वी सहा ते नऊ मी फायली वाचायचो, ती वेळ पाणी न आलेल्यांची झाली. कोर्ट कसबा बावड्यात, महापालिका शिवाजी चौकाजवळ. सर्वसाधारण सभा कायद्यानं महिन्याच्या वीस तारखेच्या आत घ्यावी लागते आणि ती नेमकी तुमच्या युक्तिवादाच्या तारखेला पडते. पहिल्या दोन-तीन वेळा न्यायाधीश तारीख देतात, नंतर त्यांच्या भुवया बोलतात. माझ्या पहिल्या टर्मच्या अखेरीस दिवाणी फायली निम्म्यावर आल्या होत्या. ज्या उरल्या त्या ज्युनिअरनं सांभाळल्या म्हणून उरल्या. म्हणून चांगला, थोडा हट्टी आणि तुमच्याशिवाय कोर्टापुढं उभा राहू शकणारा ज्युनिअर नसेल, तर अजून उभे राहू नका.

दुसरं म्हणजे अशील बदलतात. तुम्ही निवडून आलात की ऑफिसात गर्दी वाढते आणि तुम्हाला वाटतं वकिली वाढली. तसं नसतं. त्यातले निम्मे फुकट सल्ल्याला आलेले असतात, आणि उरलेल्यातले बरेचजण वकिलाकडं नव्हे, नगरसेवकाकडं आलेले असतात. बांधकाम परवाना अडकलाय, घरफाळा जास्त लावलाय, गाळ्याचं भाडं रेडीरेकनरनं, म्हणजे जागेच्या सरकारी दरानं वाढवलंय. वकीलपत्रावर सही करताना तो तुमच्या सनदेचे पैसे देतोय की सभागृहातल्या मताचे, हे त्याला माहीत असतं. तुम्हालाही माहीत असतं.

इथं कायदा अगदी स्वच्छ आहे आणि तो वाचलेला वकील मला क्वचित भेटतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९, कलम १० मध्ये अपात्रता आणि कलम ११ मध्ये पद कसं जातं ते. ज्या विषयात तुमचा किंवा तुमच्या भागीदाराचा आर्थिक हितसंबंध आहे, किंवा ज्यात तुम्ही अशिलाच्या वतीनं व्यावसायिक म्हणून गुंतलेले आहात, त्या विषयावर सभागृहात किंवा समितीत मत दिलं, चर्चेत भाग घेतला, अगदी प्रश्न विचारला, तरी पद जाऊ शकतं. मत देणं दूरच राहिलं, नुसता प्रश्नसुद्धा चालत नाही.

मी यात पाय घातला होता. माझ्याकडं काही गाळेधारकांची प्रकरणं होती. सभा संपत आली होती, सात वाजले होते, तेवढ्यात आयत्या वेळचा विषय म्हणून गाळ्यांच्या भाड्याचा विषय आला. अजेंड्यावर नव्हता, म्हणून माझ्या डोक्यातही नव्हता. कुणीतरी कलम ७९ चा, म्हणजे महापालिकेच्या मालमत्तेच्या विल्हेवाटीच्या कलमाचा, भलताच अर्थ सांगायला लागलं आणि मी सवयीनं उभा राहिलो. चांगलं दहा मिनिटं बोललो. लोकांनी बाकं वाजवली. विषय सुदैवानं तहकूब झाला. लॉबीत विरोधी बाकावरचे एक वयस्कर सदस्य, सातवी शिकलेले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, अकरावं कलम वाचलंयसा न्हवं?" मला घाम फुटला. त्यांनी ठरवलं असतं तर प्रकरण न्यायाधीशांपुढं गेलं असतं आणि माझंच ध्वनिमुद्रित भाषण माझ्याविरुद्धचा पुरावा झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी त्या सगळ्या गाळेधारकांची वकीलपत्रं सोडली. फी परत केली, त्यावरून घरात दोन दिवस अबोला. त्यानंतर महापालिका पक्षकार असलेलं एकही प्रकरण, बाजूनं वा विरुद्ध, घेतलं नाही. माझ्या ऑफिसातल्या कुणालाही घेऊ दिलं नाही.

हा मोह आता आणखी वाढलाय. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांचं काम. त्यासाठी आपण वकिलांनी किती वर्षं लाल फिती लावल्या, किती वेळा काम बंद ठेवलं, ते तुम्ही बघितलंय. पूर्वी महापालिकेविरुद्ध हायकोर्टात रिट याचिका करायची तर मुंबई गाठावी लागायची, फाईल तिथल्या वकिलाकडं जायची, आपण फक्त कागद पुरवायचो. आता महापालिका आणि हायकोर्ट एकाच भाऊसिंगजी रोडच्या आसपास. रिट तुमच्याच टेबलावर तयार होणार. तरुण वकिलाला इतकी चांगली संधी गेल्या पन्नास वर्षांत आली नव्हती, आणि नेमक्या याच वर्षांत तुम्ही महापालिकेची कामं स्वतःला बंद करून घेणार आहात. हा हिशोब कागदावर मांडा. मी आज बत्तीसचा असतो तर बहुधा आधी पाच वर्षं बेंचवर काम केलं असतं.

पाटीचाही एक घोळ आहे. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणं वकिलाला जाहिरात करता येत नाही आणि पाटीवर, लेटरहेडवर कुठल्या संस्थेशी संबंध आहे असं मिरवता येत नाही. इकडं निवडणुकीत चौकाचौकात तुमचा डिजिटल फलक लागणार, हात जोडलेला, काळा कोट घातलेला. कोट काढा. फोटो साध्या शर्टात काढा. मी दोन लेटरहेड ठेवली होती, एक वकिलाचं आणि एक नगरसेवकाचं, आणि दोन्ही वेगवेगळ्या कपाटात, कारण ज्युनिअरनं एकदा नगरसेवकाच्या कागदावर नोटीस टाईप केली होती.

मग वकील म्हणून सभागृहात फायदा काय? एकच, पण मोठा: तुम्हाला कागद वाचता येतो. अजेंडा आठवडाभर आधी घरी येतो. बहुतेक सदस्य तो सभेच्या दिवशी गाडीत उघडतात. तुम्ही तो रात्री बसून, मागच्या तीन सभांच्या इतिवृत्तांसह वाचा.

उदाहरण परचेस नोटिशीचं, म्हणजे ‘आमची जागा घ्या’ या मालकाच्या नोटिशीचं देतो, कारण शहराचं सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं आणि आवाज अजिबात होत नाही. विकास आराखड्यात एखाद्या जागेवर बाग, शाळा, मैदान असं आरक्षण पडतं. महापालिकेनं दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची खरी पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द समजलं जातं आणि जागा मोकळी. माझ्या वेळी ही मुदत याहून कमी होती. पावलं म्हणजे नुसता पत्रव्यवहार नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या निकालात सांगितलंय. आता सभागृहात काय होतं बघा. बागेचं आरक्षण उठवा असं कुणीही म्हणत नाही. विषय येतो, कुणीतरी म्हणतं, जागेची पाहणी करू, तहकूब. पुढच्या सभेत, निधीची तरतूद बघू, तहकूब. तिसऱ्या सभेला कोरम नाही. कुणीच विरोधात मत दिलेलं नाही, कुणाचंही नाव कुठं लागलेलं नाही, आणि मुदत उलटून गेली. पेठेत एक बाग कमी झाली.

यावर वकिलानं करायचं ते कोर्टातल्यासारखंच आहे. डायरी ठेवायची. माझ्याकडं एक साधी वही होती. प्रत्येक नोटीस कधी मिळाली, मुदत कधी संपते, विषय कितव्यांदा तहकूब झाला, सूचक कोण, अनुमोदक कोण. तिसऱ्या तहकुबीला मी उभा राहून फक्त तारखा वाचायचो. आरोप नाही, भाषण नाही. शेवटी म्हणायचो, हे इतिवृत्तात घ्या. त्या एका वाक्याला सभागृहात जेवढं घाबरतात तेवढं उपोषणालाही घाबरत नाहीत. तीन जागा वाचल्या. दोन गेल्या. त्यातल्या एका जागेवर आज अपार्टमेंट आहे, मी त्या रस्त्यानं जायचं टाळतो.

मोठ्या करारांचंही तसंच. टोलचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. शहरातले सुमारे ४९ किलोमीटर रस्ते, २२० कोटींचा प्रकल्प, २००८ चा त्रिपक्षीय करार, तीस वर्षांची वसुली. मी त्या वेळी सभागृहाबाहेर होतो, त्यामुळं मला शहाणपणा सांगायचा अधिकार कमी. पण पुढं लोक रस्त्यावर आले, एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं पुढं झाली, २०१५ च्या अखेरीस सरकारला टोल रद्द करावा लागला. पानसरे स्वतः वकील. जे आंदोलनात ओरडून सांगावं लागलं, त्यातलं बरंच कराराच्या अटींमध्ये आधीपासून लिहिलेलं होतं. वाचायची वेळ सहीच्या आधीची होती.

आता वकिलाच्या खोडी. आपण जिंकायला शिकलेलो असतो. सभागृहात जिंकलेला मुद्दा बऱ्याचदा हरलेला ठराव असतो. पहिल्या वर्षी मी एका अधिकाऱ्याची भर सभेत उलटतपासणी घेतली, हो की नाही एवढंच सांगा, असं. तो गप्प झाला, वर्तमानपत्रात माझा फोटो आला, आणि पुढचे आठ महिने माझ्या प्रभागातली एकही फाईल हलली नाही. कायद्यानं कार्यकारी अधिकार आयुक्तांकडं असतात. ठराव तुमचा, अंमल त्यांचा. आणि ठराव बेकायदा वाटला तर कलम ४५१ खाली सरकार तो निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द करू शकतं. म्हणजे तुमच्या डोक्यावर अपील कोर्ट आहे आणि ते मुंबईत मंत्रालयात बसतं. ठराव लिहिताना निकालपत्र लिहितोय असं समजून लिहा, कारणं आणि कलमं घालून. ते काम तुम्हाला येतं, बाकीच्यांना येत नाही. दोन वर्षांनी मीच सगळ्या पक्षांचे ठराव दुरुस्त करून द्यायला लागलो, तेव्हा माझीही कामं व्हायला लागली.

कारभाऱ्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायचं होतं हे कळतं. आपल्याकडं सभागृहात पाच-सहा कारभारी असतात, पद कुणाकडंही असो, ठरवतात तेच. स्थायी समितीत सोळा सदस्य, त्यातले निम्मे दर वर्षी निवृत्त होतात, म्हणून तिथं जायची घाई सगळ्यांना. ढपला, म्हणजे कामातला मलिदा, हा शब्द तुम्ही कट्ट्यावर हसत वापरता, आत गेल्यावर तो तुमच्या वाट्याचं पाकीट घेऊन घरी येतो. मी ते घेतलं नाही, हे सांगण्यात मोठेपणा नाही, माझी वकिली होती म्हणून मला परवडलं. सोबतच्या एका सदस्याला मुलीच्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती, नगरसेवकाच्या मानधनात महिन्याचा चहासुद्धा भागत नाही. त्याच्यावर मी कधी बोट ठेवू शकलो नाही. म्हणून म्हणतो, वकिली बंद करून जाऊ नका. निम्मी झाली तरी चालू ठेवा.

सहकारी सल्ल्याला येतील, पक्ष कुठलाही असो. जात पडताळणीचा विषय बघा. राखीव जागेवरून निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र दिलं नाही तर निवड रद्द. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही मुदत बंधनकारक धरली, तो वाद आपल्याच शहरातून गेला होता, आणि कितीतरी नगरसेवकांची पदं एका सकाळी टांगणीला लागली. सरकारनं नंतर सहा महिन्यांचे बारा केले. त्या आठवड्यात माझ्या ऑफिसबाहेर सगळ्या झेंड्यांच्या गाड्या उभ्या होत्या. निवडणुकीच्या निकालाला आव्हान द्यायचं तर कलम १६ खाली फक्त दहा दिवस मिळतात. आणि पक्ष बदलायचा विचार असेल तर १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा आहे. हे सगळं सांगा, पण वकीलपत्र दुसऱ्या वकिलाला घ्यायला लावा.

निवडणूक लढवायचा जीव नसेल तर स्वीकृत सदस्याची वाट आहे. नियमात त्यासाठी वकील हा एक वर्ग दिलेला आहे. बोलता येतं, मत देता येत नाही. पूर्वी मला ते कमीपणाचं वाटायचं. आता वाटतं, वाचणाऱ्या माणसाला ती जागा वाईट नाही. अडचण एवढीच की ती जागा पक्ष देतो, आणि बहुतेक वेळा पडलेल्या उमेदवाराची समजूत घालायला देतो.

तरीही उभंच राहायचं ठरलं, तर प्रचाराच्या आधी एक काम करा. तुमच्या घराचा मंजूर नकाशा काढा, भोगवटा प्रमाणपत्र शोधा आणि आर्किटेक्टला घेऊन घरावर चढा. स्वतः, जोडीदारानं किंवा तुमच्यावर अवलंबून असलेल्यानं अनधिकृत बांधकाम केलेलं असेल तर कलम १० खाली अपात्रता येते. विरोधकाचा पहिला अर्ज त्याचाच असतो, आणि पेठेतल्या घरांवर पत्र्याचं शेड नाही असं घर दाखवा. माझ्या गच्चीवर होतं. अर्ज भरायच्या तीन महिने आधी गवंडी बोलावून काढून टाकलं. बायको अजून दर उन्हाळ्यात म्हणते, त्या तुमच्या महापालिकेपायी माझी सांडग्यांची जागा गेली.